कावळ्याचें बसणें

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं मंगल कार्य झालें. आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांचा विवाह होता; सून सुशिक्षित, मनमिळाऊ आणि कामास तत्पर अशी मिळाली. मांडवपरतणें होऊन पुरे पंधरा दिवस लोटले नाहींत, तोंच तीन गोष्टी घडल्या. विहिरीवरील पाण्याची मोटार जळाली. अंगणाच्या पायरीवरून पाय घसरून बंधुराजांचें मनगट मोडलें. आणि वळवाच्या वाऱ्यानें परसांतील आंब्याची मोठी फांदी गोठ्याच्या पत्र्यावर येऊन पडली. चौथ्या दिवशीं समाचारास आलेल्या नात्यांतील एक वयोवृद्ध बाई चहाची वाट पाहतां पाहतां म्हणाल्या, "मुलगी गुणाची आहे हो, पण पावलांचा गुण म्हणून कांहीं असतोच कीं नाहीं..." वाक्य पुरें झालें नाहीं, कारण चहाचा ट्रे घेऊन सूनबाई दारांतच उभी होती.

कोणी कांहीं बोललें नाहीं. आम्हीही बोललों नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे. कोपऱ्यांत नारळ खवत बसलेल्या आमच्या धाकट्या काकूंचा हात मात्र क्षणभर थांबला आणि पुन्हा चालूं लागला. त्याचें कारण पुढें सांगूं.

त्याच रात्रीं जेवणें झाल्यावर आमची नात आपला मोबाईल घेऊन आमच्याजवळ आली. ती पुण्यास महाविद्यालयांत संख्याशास्त्र शिकते. "आजोबा, हें पाहा," असें म्हणून तिनें एक आलेख दाखविला. त्यांत दोन रेघा होत्या. जत्रेंत चुकूं नये म्हणून एकमेकींचा पदर धरून चालणाऱ्या बहिणींप्रमाणें बरोबरीनें वर चढत गेलेल्या. एक रेघ अमेरिकेंतील लोकांच्या दरडोई चीज खाण्याची. इ. स. २००० सालीं हें प्रमाण माणशीं सुमारें ३० पौंड होतें, तें २००९ सालीं ३३ पौंडांच्या घरांत गेलें. दुसरी रेघ कशाची असावी असें वाचकांस वाटतें? बिछान्यांतील चादरींत गुरफटून मरण पावलेल्या माणसांची! २००० सालीं अशीं ३२७ माणसें दगावलीं, तर २००९ सालीं ७१७. दोन गोष्टी तंतोतंत एकाच चालीनें चालल्या तर संख्याशास्त्रज्ञ त्यांच्या सहसंबंधास १ हा अंक देतात, आणि मुळींच मेळ नसेल तर शून्य. ह्या चीजचा आणि चादरींचा सहसंबंध ०.९४७ इतका भरला. आमच्या उभ्या मास्तरकींत मुलांच्या अभ्यासाचा आणि त्यांच्या गुणांचा एवढा मेळ आम्हांस कधीं पाहावयास मिळाला नाहीं!

हा उद्योग टायलर व्हिगेन नामक एका अमेरिकन गृहस्थाचा. कायद्याचा अभ्यास करीत असतांना, २०१४ सालीं, त्यानें गणकयंत्राकडून नाना प्रकारचे सरकारी आंकडे एकमेकांशीं ताडून पाहिले आणि असे शेंकडों विचित्र जोड जगापुढें मांडले. पुढच्याच वर्षीं त्यांचें पुस्तकही निघालें. मेन नांवाच्या संस्थानांतील घटस्फोट आणि अमेरिकेंत लोण्याऐवजीं खाल्लें जाणारें मार्गारीन ह्यांचा त्यानें दाखविलेला सहसंबंध तर ०.९९ हूनही अधिक आहे. मार्गारीन खाणें कमी होत गेलें, आणि तसतसे घटस्फोटही कमी होत गेले. हें ऐकून आमच्या घरांतील मंडळींनीं, घरीं कढविलेल्या तुपाचा महिमा आपण पूर्वींपासूनच सांगत आलों आहों, असें आम्हांस बजावलें.

आम्ही पोट धरून हंसलों. नातही हंसली, पण हंसतां हंसतां थांबून तिनें विचारलें, "आजोबा, दुपारीं त्या आजी बोलल्या, तें ह्याहून वेगळें काय होतें?"

आमचें हंसणें जागच्या जागीं राहिलें.

हा प्रश्न नवा नाहीं. आमच्या पूर्वजांनीं त्यास नांवच देऊन ठेविलें आहे. कावळा ताडाच्या झाडावर येऊन बसावा आणि त्याच क्षणीं ताडाचें फळ गळून पडावें. पाहणाऱ्यास वाटावें, कावळ्याच्या भारानें फळ पडलें. वस्तुतः फळ पिकलें होतें म्हणून पडलें. ह्यास ‘काकतालीय’ म्हणतात. पाणिनीच्या सूत्रांवरील काशिकावृत्तींत हा शब्द आहे आणि त्याच्या पंगतीस आणखी दोन बसविले आहेत: शेळी आणि वरून पडणारी तलवार ह्यांची अवचित गांठ पडली तें ‘अजाकृपाणीय’, आणि आंधळ्याच्या हातीं लावा पक्षी सांपडला तें ‘अंधकवर्तकीय’. एवढ्या बारीक भेदासाठीं ज्यांनीं शब्द घडविले, त्यांनीं अशा फसगती पुष्कळ पाहिल्या असल्या पाहिजेत. आपल्या बायकामुलांच्या तोंडींही, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडली, हें वचन आहेच. आमच्या आंब्याची फांदी मोडली त्या दिवशीं तें कोणास आठवलें नाहीं, एवढेंच काय तें.

तथापि केवळ ‘योगायोग’ असें म्हणून सुटणें हें आळशाचें काम. योगायोग इतके नेटके कसे जुळतात, हें पाहिलें पाहिजे.

त्याचें पहिलें उत्तर ‘घुणाक्षर’ न्यायांत आहे. लांकूड पोखरणारा किडा हजारों वाटा कोरतो, आणि त्यांतील एखादी वांकडीतिकडी वाट ‘अ’ सारखी दिसते. किडा कांहीं धुळाक्षरें गिरवून आलेला नसतो! व्हिगेनच्या गणकयंत्रानें असेंच केलें. एक हजार निरनिराळ्या गोष्टींचे आंकडे घेतले तर त्यांच्या जोड्या ४,९९,५०० होतात. जवळजवळ पांच लाख जोड्यांत कांहीं एकमेकींसारख्या दिसल्या नाहींत, तरच नवल. आमच्या वर्गांत बहुधा चाळीस मुलें असत, आणि दोन मुलांची जन्मतारीख एकच निघाली म्हणजे सारा वर्ग आश्चर्य करी. चाळीस मुलांत जोड्या होतात ७८०; आणि गणित असें सांगतें कीं, अशा १०० वर्गांपैकीं सुमारें ८९ वर्गांत निदान एक तरी जोडी एका तारखेची निघावयाचीच. आश्चर्य करावयाचें तर उरलेल्या अकरा वर्गांचें करावें!

दुसरें उत्तर काळाच्या ओघांत आहे. जॉर्ज उडनी यूल हे इंग्लंडांतील नामांकित संख्याशास्त्रज्ञ. त्यांनीं १९२६ सालीं १८६६ ते १९११ पर्यंतचे आंकडे घेऊन दाखविलें कीं, इंग्लंड-वेल्समधील एकंदर विवाहांत तेथील अधिकृत चर्चमध्यें लागलेल्या विवाहांचें प्रमाण आणि हजारीं मृत्यूचें प्रमाण ह्यांचा सहसंबंध ०.९५ आहे. म्हणजे लोकांनीं चर्चांत लग्नें लावण्याचें अजिबात सोडलें असतें, तर यमधर्मास इंग्लंडांतील आपली कचेरी बंद करावी लागली असती! खरी गोष्ट एवढीच कीं, त्या पन्नासएक वर्षांत जुनी विवाहपद्धति हळूहळू मागें पडत होती आणि मृत्यूचें प्रमाणही निराळ्या कारणांनीं उतरत होतें. दोन्ही उताराला लागल्या होत्या. एकीनें दुसरीस ढकललें नव्हतें. आमच्या सेवाकालांत आमचे केंस पांढरे होत गेले आणि सोन्याचा भाव चढत गेला. म्हणून आम्हीं कलप लावल्यास सोनें स्वस्त होईल, अशी आशा कोणी सुवासिनीनें बाळगूं नये.

तिसरें उत्तर सर्वांत सूक्ष्म, आणि तें आमच्या न्यायशास्त्रानें फार पूर्वीं ओळखलें होतें. धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि आहे, हें अनुमान खरें. पण अग्नि आहे म्हणजे धूर असलाच पाहिजे, हें खोटें. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. धूर निघावयास ओलें सरपण लागतें. ह्या न दिसणाऱ्या तिसऱ्या वस्तूस नैयायिक ‘उपाधि’ म्हणतात. आतां युरोपकडे पाहा. करकोचा पक्षी चोचींतून तान्हीं बाळें आणून देतो, अशी तिकडे मुलांना सांगावयाची जुनी कथा आहे. रॉबर्ट मॅथ्यूज ह्यांनीं २००० सालीं युरोपांतील १७ देशांचे आंकडे घेऊन, करकोचांच्या जोड्या आणि वर्षाचे जन्म ह्यांचा ०.६२ इतका सहसंबंध प्रसिद्ध केला. येथें उपाधि कोणती? देशाचा विस्तार. मोठ्या देशांत रानेंवनें मोठीं, म्हणून पक्षी अधिक. आणि माणसेंही अधिक, म्हणून बाळेंही अधिक. तसेंच २०१२ सालीं फ्रान्झ मेसर्ली ह्या डॉक्टरांनीं २३ देशांतील चॉकलेटचा खप आणि लोकसंख्येच्या मानानें त्या देशांस मिळालेलीं नोबेल पारितोषिकें ह्यांचा ०.७९ इतका मेळ एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकांत मांडला. स्वित्झर्लंड दोहोंतही पहिलें. आमच्या घरच्या बालगोपाळांनीं हें वर्तमान लगोलग उचलून धरलें. पण ज्या देशाजवळ रोज चॉकलेट खाण्यापुरता पैसा आहे, त्याजवळ विद्यापीठें आणि प्रयोगशाळा चालविण्यासही पैसा असतो, हें त्यांस समजावून सांगतां सांगतां आम्हांस दोन वड्या द्याव्या लागल्या.

आणि कुंभाराचें गाढव विसरूं नये. मडकें घडलें तेथें कुंभार होता, चाक होतें, माती होती, आणि माती वाहून आणणारें गाढवही दारांत उभें होतें. म्हणून गाढव हें मडक्याचें कारण होत नाहीं. नैयायिकांनीं त्यास ‘अन्यथासिद्ध’ ठरवून बाहेर काढलें. गाढव नसतें तर माती डोक्यावरून आणतां आली असती. कारण ह्या पदवीस पात्र व्हावयाचें तर ती वस्तु कार्याच्या आधीं असली पाहिजे, नेमानें असली पाहिजे, आणि तिच्यावांचून अडलें पाहिजे.

आतां आमच्या तीन विघ्नांकडे वळूं. मोटार जुनी होती. आणि लग्नाचे चार दिवस दीडशें माणसांच्या पाण्यासाठीं ती रात्रंदिवस चालविली होती. पायरी निसरडी होती, कारण मांडव मोडल्यावर अंगण धुण्यासाठीं त्याच मोटारीचें पाणी तिच्यावरून सोडलें होतें. फांदी कापून पाहिली, तर आंतून खोडकिड्यानें पोखरून काढलेली. ह्यांत सूनबाईचें पाऊल कोठें येतें? शिवाय त्याच पंधरवड्यांत आमची गाय सुखरूप व्याली आणि थोरल्या पुतण्यास बऱ्याच वर्षांनीं बढती मिळाली. हा गुण मात्र कोणाच्या पावलाच्या खातीं जमा झाला नाहीं. वीस माणसांच्या घरांत दरमहा कांहींना कांहीं घडतच असतें. आपण वाईट तेवढें टिपतों आणि तें नव्या माणसाच्या नांवें लिहितों.

येथपर्यंत वाचून, मग कोणताच संबंध खरा नसतो काय, असें कोणी विचारील. तसें मुळींच नाहीं. त्यासाठींच आतां काकूंची गोष्ट सांगतों.

१९६७ सालीं तुलसीविवाह झाल्यावर पहिल्याच मुहूर्तांत आमच्या धाकट्या काकांचें लग्न झालें. आमचें मूळ घर सातारा जिल्ह्यांत, कृष्णाकांठीं. आम्ही तेव्हां नऊ वर्षांचे होतों. घरांत नवी काकू आली आणि थोड्याच दिवसांनीं, ११ डिसेंबर रोजीं पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनीं, कोयनेचा भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.३ होती, कोयनानगर उद्ध्वस्त झालें आणि पावणेदोनशेंहून अधिक माणसें मरण पावलीं. आमच्या परसाची भिंत कोसळली. पुढें माघांत आमचे आजोबा वारले. "सून आली आणि धरणी हादरली," असें कोणीसें म्हणालें, आणि तें शब्द त्या बाईस चिकटले ते कायमचे. पापडाचें पहिलें पीठ तिच्या हातीं कोणी देत नसे. कोणी प्रवासास निघालें कीं तिला माजघरांत बोलावून घेत. पुढें काळ बदलला, बोलणारीं माणसें गेलीं. आज काकू ऐंशीच्या उंबरठ्यावर आहेत, आणि घरांतील प्रत्येक शुभकार्य त्यांच्या सल्ल्यानें होतें. परंतु म्हटलेलें तेव्हढें कोणीं परत घेतलें नाहीं.

त्या मार्गशीर्षांत सातारा जिल्ह्यांत किती घरांचीं मापें नव्या सुनांनीं ओलांडलीं असतील! भूकंप त्यांपैकीं कोणीच्या पावलाचा? आणि गंमत अशी कीं, त्याच भूकंपाचा दुसरा एक संबंध लोकांच्या नजरेस आला होता, तो मात्र काकतालीय ठरला नाहीं. कोयना धरणाचा जलाशय १९६२ च्या सुमारास भरूं लागला आणि लौकरच त्या भागांत लहान लहान धक्के जाणवूं लागले. एकदां तसें घडलें म्हणून शास्त्रज्ञ थांबले नाहींत. त्यांनीं वर्षानुवर्षें नोंदी ठेविल्या. दर पावसाळ्यांत जलाशय भरतो, आणि त्यानंतर धक्क्यांची संख्या वाढते. हा क्रम दशकानुदशकें टिकला. जलाशयाचा भार आणि खडकांच्या भेगांत शिरणारें पाणी ह्यांमुळें आधींच ताणलेले खडक सरकतात, ही त्यामागील क्रियाही उलगडली. पाणी आधीं, पुन्हा पुन्हा आधीं, आणि मधला मार्गही दाखवितां येण्याजोगा. कुंभाराचें चाक तें हें. आमच्या काकू त्या गाढवासारख्या केवळ त्या वेळीं दारांत उभ्या होत्या. आणि दोष मात्र आम्ही त्यांच्या पाठीवर लादला.

राहिलें आजोबांचें मरण. नातीच्या प्रश्नानें आम्हांस झोंप येईना. आजोबा रोज टिपणवही लिहीत, आणि त्यांच्या वह्या आमच्याच कपाटांत चाळीस वर्षें पडून आहेत. पहाटे उठून आम्हीं १९६७ ची वही काढली. अक्षर मोडी, पण आम्हांस वाचतां येतें. आश्विनांत त्यांनीं छातींत कळ आल्याचें लिहिलें आहे. दसऱ्यास धाप लागून सीमोल्लंघनास जातां आलें नाहीं. वैद्यांनीं जिना चढूं नये असें सांगितलें. आणि त्याच्या खालींच एक ओळ: आपला भरंवसा आतां वाटत नाहीं, तरी धाकट्याचें लग्न दिवाळी होतांच उरकून घ्यावें.

आम्ही कितीतरी वेळ त्या ओळीकडे पाहत बसलों. लग्न झालें म्हणून आजोबा गेले नाहींत. आजोबा जाणार होते म्हणून तें लग्न तेव्हां झालें. पन्नासांहून अधिक वर्षें आमच्या घरानें कार्यास कारण म्हटलें आणि कारणास कार्य.

वही घेऊन आम्ही स्वयंपाकघरांत गेलों आणि काकूंना ती ओळ वाचून दाखविली. त्यांनीं ती पुन्हा एकदां वाचावयास सांगितली. मग म्हणाल्या, "तेव्हां घरांत मोडी वाचणारीं माणसं होती ना रे?"

"होती, काकू. तिघेजण होते."

"मग कुणीं वाचली नाहीं?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. त्या तिघांस आतां विचारण्याची सोय नाहीं. आणि गेलीं चाळीस वर्षें कपाटाची किल्ली तर आमच्याच जानव्याला होती. काव्य, न्याय, व्याकरण ह्यांतील काकतालीयाचीं उदाहरणें आम्हीं पिढ्यान्‌पिढ्या मुलांस शिकविलीं; घरांतल्या उदाहरणाकडे मात्र लक्ष गेलें नाहीं.

त्या दिवशीं दुपारच्या पंगतींत आम्हीं ती ओळ सर्वांसमक्ष वाचली. सूनबाई वाढीत होती, तिला बसवून घेऊन वाचली. वाचकांस एवढेंच सांगणें कीं, चीज आणि चादरी ह्यांस मनसोक्त हंसावें. आपल्या घरींही तसाच एखादा आलेख कोणाच्या कपाळीं काढलेला नाहीं ना, हें मात्र हंसून झाल्यावर एकदां पाहावें. आणि यापुढें आमच्या ओटीवर बसून कोणीं तसलें वाक्य आरंभिलें, तर तें पुरें होण्याची वाट न पाहतां आम्ही बोलणार आहों.